कवितेने बुडाले म्हणे सामानी!

आज सकाळी एका व्याख्यानात सामानी घराण्याचा, म्हणजे नवव्या-दहाव्या शतकात मध्य आशियात राज्य करणाऱ्या फारसीभाषक राजांचा, विषय निघाला आणि वक्त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, की कवितेत रमणारे राजे असेच बुडतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोके तेव्हापासून तापलेले आहे.

चार वर्षांपूर्वी मी त्यांच्या राजधानीत, आजच्या उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याला, या घराण्यातल्या राजा इस्माईल सामानीच्या नावाने ओळखली जाणारी कबर पाहिली. लहानशी चौकोनी वास्तू, रंग नाही की सोने नाही, नुसती भाजलेली वीट. पण ती आडवी, उभी, तिरपी अशी बसवलेली, की टोपलीची वीण वाटावी. उन्हाने तापलेल्या त्या भिंतीवर मी कितीतरी वेळ हात ठेवून उभी होते.

अशी वीट रचून घेणारे राजे ऐदी होते? इस्माईलने ९०० मध्ये आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खजवळ प्रतिस्पर्धी सफ्फारी घराण्याचा राजा अम्र बिन लैस याला कैद केले. त्याचा नातू दुसरा नस्र याच्या दरबारात कवी रूदकी फारसीत गायला, तोही अरबीचा दबदबा असताना. पुढे थोर वैद्य आणि तत्त्वज्ञ झालेल्या इब्न सीनाने किशोरवयात याच घराण्याच्या ग्रंथालयात खोल्याखोल्यांतून रचलेल्या ग्रंथांच्या पेट्या पाहिल्या. आपल्या तोंडचे ‘दफ्तर’ आणि ‘पेशवा’ ज्या फारसीतून आले, तिला दरबारात मानाचे पान वाढणाऱ्यांत हे पुढे होते.

ते बुडाले विकतच्या फौजेपायी. तुर्क मुले गुलाम म्हणून घ्यायची आणि पुढे त्यांनाच सेनापती करायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यातलाच अल्पतगीन ९६१ मध्ये गादीवर कोणी बसावे हे ठरवू पाहत होता, आणि तो डाव फसल्यावर त्याने गझनीत बस्तान बसवले. गझनीच्या महमूदाचे घराणे तिथेच उभे राहिले. गुलामांच्या व्यापारावर सामानींनी स्वतः पैसा केला, हे मान्य. त्याचा बचाव मी करणार नाही. ९९९ मध्ये कराखानी या तुर्क घराण्याची फौज बुखाऱ्यावर आली तेव्हा मशिदींतून लढाईची हाक दिली गेली, पण येणारेही मुसलमानच आहेत असे धर्मशास्त्र्यांनी सांगितल्यावर लोक घरी बसले. हे लिहितानाही तळहाताला ती वीट जाणवते आणि राग ओसरून वाईटच वाटत राहते.

शेवटचा राजपुत्र मुंतसिर कैदेतून दासीची चादर पांघरून निसटला आणि पुढे काही वर्षे, १००५ च्या सुमारास मारला जाईपर्यंत, गेलेल्या राज्यासाठी लढत राहिला. बाकीचे थकले, शरण गेले. हा थांबला नाही. आणि फारसीत कविता करणाराही हाच होता.