कार्डावर मालक दिसतो, पण बोजा?

गावाकडं जमिनीच्या कागदांचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तुमच्याकडं परदेशात बरं आहे, एक कार्ड हातात आलं की विषय संपला." २०२० मध्ये नीती आयोगानं मालकीहक्काची सरकारी हमी देणाऱ्या कायद्याचा नमुना मांडला. त्याच वर्षी स्वामित्व योजनेतून ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, द्यायला सुरुवात झाली. त्यामुळं एक मत जोर धरतंय : वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, पेपरातली जाहीर नोटीस, सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्याची चौकशी हे जुन्या काळचं लोढणं आहे, ते टाकून द्यावं. मला हे अजिबात पटत नाही. आणि हे मत माझं जमिनीच्या व्यवहारातून झालेलं नाही, अमेरिकेत जुनी बोट घेताना झालंय.

मी मेरीलँडमध्ये राहतो. चेसापीकचा उपसागर जवळ आहे, जुन्या शिडाच्या बोटी बऱ्यापैकी कमी पैशात मिळतात. एका मित्राबरोबर मिळून शेजारच्या राज्यातली एक अठ्ठावीस फुटी बोट बघितली. विकणारे गृहस्थ वयस्कर, सज्जन. बोट चांगली होती. कागद तेवढे चांगले नव्हते.

आधी इथली पद्धत सांगतो, कारण 'परदेशात एकच कार्ड' ही समजूत इथंच कोसळते. बोटीची मालकी दोन प्रकारे नोंदवता येते. एक राज्य सरकारचं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, दुसरी तटरक्षक दलाकडची केंद्रीय नोंद. केंद्रीय नोंदीसाठी बोट किमान पाच नेट टनांची (हे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप) हवी आणि मालक अमेरिकेचा नागरिक हवा. म्हणजे ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या लोकांना तो रस्ता बंदच. राज्यांचे नियम तर प्रत्येकाचे वेगळे. न्यूयॉर्क १९८७ च्या आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या, चौदा फूट किंवा त्याहून लांब बोटींनाच टायटल देतं, त्याआधीच्या बोटींना ते नसतंच. टेक्सासमध्ये आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावलेल्या, इंजिनाचं टायटल बोटीपासून वेगळं. ट्रेलरचा नंबर आणि कागद वेगळे असतात ते निराळंच. बोट ज्या राज्यात घेतली तिथं जो कागद पुरतो, तो तुमच्या राज्यात पुरेलच असं नाही.

आमच्या बोटीच्या टायटलवर एका बँकेचं नाव होतं. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण बोजा उतरवल्याचं पत्र कुणी घेतलेलंच नव्हतं, आणि मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. असं पत्र मग नव्या बँकेकडून मिळवावं लागतं. बँक बुडालेली असेल तर ठेवींचा विमा उतरवणाऱ्या केंद्रीय महामंडळाकडं, एफडीआयसीकडं, अर्ज करायचा. हे काम विकणाऱ्याचं. पैसे देऊन मग आपण मागं लागायचं नसतं, आणि आम्ही ते पत्र हातात आल्याशिवाय पैसे मोकळे केले नाहीत.

दुसरी अडचण नंबराची. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या प्रत्येक बोटीवर मागच्या फळीच्या उजव्या बाजूला, वरच्या कडेजवळ, बारा अक्षर-अंकांचा हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा नंबर, कोरलेला असतो. पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढची पाच अनुक्रमांकाची, उरलेली बांधणीचा महिना आणि वर्ष सांगणारी. मी कागद लावून पेन्सिल घासली. जुन्या रंगाच्या थराखालून नंबर हळूहळू उमटला, आणि टायटलशी पडताळला तर एक अक्षर वेगळं : बोटीवर शून्य, कागदावर इंग्रजी 'ओ'. नशिबानं नियमच असा आहे की अनुक्रमांकाच्या त्या पाच जागांत 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं वापरायचीच नाहीत. त्यामुळं चूक कुठल्या तरी टेबलावर टायपिंगची झाली, हे वाद न घालता सिद्ध झालं. पेन्सिलीचा ठसा जोडून विकणाऱ्यानं दुरुस्त टायटल काढून घेतलं. दरम्यान एका ओळखीच्यानं सुचवलं की सही केलेलं, खरेदीदाराचं नाव कोरं ठेवलेलं टायटल घ्या, नंतर बघू. आपल्याकडं जुन्या मोटारसायकलीबरोबर आरटीओच्या, नाव बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतात, तोच प्रकार. स्पष्ट नकार दिला. असे कागद हातोहात फिरतात आणि शेवटी ज्याच्याकडं बोट असते त्याला मागचा मालक सापडत नाही.

इथपर्यंत सगळं कागदावर दिसणारं होतं. खरी काळजी कागदावर न दिसणाऱ्या गोष्टीची. अमेरिकेच्या सागरी कायद्यात मालकाच्या सांगण्यावरून ज्यानं बोट दुरुस्त केली, इंधन दिलं, धक्क्यावर जागा दिली, त्याचं न फिटलेलं येणं थेट बोटीवर बसतं. याला मॅरिटाइम लियन म्हणतात. तो कुठं नोंदवलाच पाहिजे असं नाही. बोट विकली तरी तो सुटत नाही. नव्या मालकाला काही ठाऊक नव्हतं, हा बचाव चालत नाही. ठरावीक मुदतही नाही, फार उशीर झाला का एवढंच न्यायालय बघतं. केंद्रीय नोंद असलेल्या बोटीचा पंचवीस डॉलरमध्ये कुणीही उतारा काढू शकतो आणि त्यात नोंदवलेले दावे दिसतात. ही सोय खरंच चांगली आहे. पण न नोंदवलेले दावे त्यातही येत नाहीत. म्हणून आम्ही बोट जिथं जिथं उभी होती तिथल्या धक्क्यांवर आणि दुरुस्तीच्या यार्डात जाऊन थकबाकी विचारली, लेखी घेतलं.

म्हणजे आम्ही सर्च रिपोर्टच काढला, स्वतःच्या पायांनी. तेव्हा मला आपल्या पेपरांतल्या छोट्या अक्षरातल्या जाहीर नोटिसांची किंमत कळली. "तमाम लोकांस कळविण्यात येते की" पासून सुरू होणाऱ्या त्या चौकटीत हरकतदाराला ठरावीक दिवसांत पुढं यायला सांगितलेलं असतं. इथं बोटीसाठी अशी काही रीत असती तर आमचे कितीतरी फोन वाचले असते.

जमिनीचंही सांगून टाकतो. अमेरिकेत घर घेतलं तरी मालकीची सरकारी हमी सहसा नसते. वकील किंवा टायटल कंपनी जुनी नोंद तपासते आणि खरेदीदार खासगी टायटल विमा घेतो. म्हणजे शोध इथंही आहे, फक्त त्याचं बिल वेगळ्या नावानं येतं.

आपल्या व्यवस्थेचा कमकुवतपणा मी नाकारत नाही. सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. नोंदणी कार्यालय दस्त नोंदवतं, विकणाऱ्याचा हक्क खरा की खोटा हे ठरवत नाही. त्यात वर्षानुवर्षं भरडले जाणारे लोक मी माझ्याच नात्यात बघितलेत. मालकी ठरवणारं पक्कं कार्ड जरूर यावं. पण कार्ड मालक कोण एवढंच सांगेल. त्या मालमत्तेवर आणखी कुणाकुणाचा हात आहे, हे 'इतर हक्क' सांगतं : बँकेचा बोजा, कुळाची नोंद, वहिवाटीचा रस्ता. तो रकाना आकसला तर सर्वांत आधी हरणार ते ज्यांचा हक्क छोटा आहे आणि आवाज त्याहून छोटा आहे.

बोटींच्या बाबतीत तर आपला कायदा खरेदीदाराला अमेरिकेपेक्षा अधिक सांभाळतो. २०१७ च्या, सागरी दाव्यांविषयीच्या, अॅडमिरल्टी कायद्यात बोटीमागं जाणारे लियन मोजकेच आहेत : खलाशांचा पगार, बोटीमुळं झालेली जीवितहानी किंवा इजा, बुडती बोट वाचवल्याचा मोबदला, बंदराची देणी, टकरीसारखं नुकसान. दुरुस्ती आणि डिझेल त्यात नाही. मुदतही ठरलेली, एक वर्ष, पगारासाठी दोन. पण कोकणात हर्णैला मासेमारीत असलेला माझा मामेभाऊ म्हणतो, "कायदा काय ते मला नको सांगूस. जुनी बोट घ्यायची तर आम्ही तिच्या तांडेलाला आणि सोसायटीला विचारतो." बरोबरच आहे. तांडेल म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, सोसायटी म्हणजे मच्छीमारांची सहकारी संस्था. बोटीसाठी काढलेलं राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं कर्ज, सोसायटीचं डिझेल, खलाशांना दिलेली उचल, हे सगळं तिथंच कळतं. डिझेलवरच्या कराचा सरकारी परतावाही नोंदणी आणि परवान्यावर अवलंबून, त्यामुळं नाव चढलं नाही तर नवा मालक पहिल्या हंगामातच अडकतो.

मासेमारी बोटींची नोंदणी आता केंद्र सरकारच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवर ऑनलाइन होते. माझी मागणी साधी आहे. त्यात सातबाऱ्यासारखा इतर हक्काचा रकाना असावा, तो खरेदीदाराला अर्ज न करता बघता यावा, आणि नाव बदलण्याआधी गावातल्या सोसायटीच्या फळ्यावर पंधरा दिवस नोटीस लागावी. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तांडेल आणि खलाशीही तेव्हा समुद्रावर नसतात. हरकत घ्यायला त्यांना तेव्हाच सवड असते, म्हणून नोटीस त्याच दोन महिन्यांत लावावी.