दहा ते बारा म्हणजे नेमकं कधी?

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा मारुती चौकाजवळच्या माझ्या दुकानात दोनच गोष्टी तरंगत होत्या. आरओ मशिनांचे रिकामे खोके आणि माझी लाल वही. त्या वहीत अकरा वर्षांची गिऱ्हाइकं होती. पाणी उतरल्यावर मी तिचं एकेक पान दोरीवर चिमटा लावून वाळवलं. ज्या पानावर शाई उरली त्या गिऱ्हाइकाचं नशीब. बाकीच्यांचं आपल्याला फक्त 'टाकी गळते' एवढंच कळलं. कुणाची, ते कृष्णेला माहीत.

त्यानंतर मी नवीन वही केली, फक्त ती माळ्यावर ठेवायला लागलो. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

या मे महिन्यात हिंजवडीचा भाचा आंबे खायला आला आणि दोन दिवस दुकानात बसला. फोन यायचा, मी सांगायचो, "दुपारी पोरगं पाठवतो." तिसऱ्या फोनला त्यानं विचारलं, "मामा, दुपारी म्हणजे किती वाजता?"

मला प्रश्नच कळला नाही. दुपारी म्हणजे दुपारी. जेवणं झाल्यापासून रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत. सांगलीत आकड्यात मोजायची गोष्ट एकच, नदीचं पाणी. 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, हे शेंबडं पोरगंही सांगतं. बाकी सगळं 'आलोच की' या मापात चालतं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात मराठी नाटक उभं केलं, तेव्हापासून इथं वेळेवर होणारी गोष्ट म्हणजे तिसरी घंटा. तीसुद्धा पाहुणे आले नसतील तर थांबते.

"मामा, तुझा धंदा म्हणजे फील्ड सर्व्हिस आहे," भाचा म्हणाला.

"मला वाटलं दुरुस्तीचा आहे."

त्यानं लॅपटॉप उघडला. घरोघर माणूस पाठवून काम करायच्या धंद्याला फील्ड सर्व्हिस म्हणतात आणि त्याचं एक सॉफ्टवेअर असतं म्हणे. गिऱ्हाईक मोबाईलवर लिंक उघडणार, मोकळी वेळ निवडणार, कुणाला पाठवायचं ते सॉफ्टवेअरच ठरवणार आणि पोराच्या मोबाईलवर काम जाऊन पडणार. वही नको, फोन नको, मी नको. शिवाय सगळं क्लाउडवर. "वही ढगात ठेवली की पुराची भीती नाही," तो म्हणाला.

आमचे तात्या कोपऱ्यात आरओची गाळणी, म्हणजे मेंब्रेन, घासत होते. मान वर न करता म्हणाले, "पण पूर ढगातनंच येतोय की."

माझ्याकडं माणसं तीन. तात्या सर्वांत जुने. पैलवान, हा तालमीतनं आलेला, कुठलाही वॉटर कूलर एकटा जिना चढवतो. आणि बारक्या, ज्याला मोबाईलमधलं सगळं कळतं आणि नळातलं काही नाही. या तिघांना सॉफ्टवेअरमध्ये घालायला आम्हाला चार दिवस लागले. मला दुकान उभं करायला तीन लागले होते.

पहिल्यांदा विभाग पाडायचे. सांगली, मिरज, कुपवाड. कागदोपत्री 1998 पासून महापालिका एकच आहे, पण मिरजेच्या गिऱ्हाइकाला सांगलीचा माणूस पाठवला की तो आधी "मिरजेत कुणी मिळालं नाही काय?" असं विचारतो आणि मग दार उघडतो. म्हणून तीन विभाग केले. मग कामाचे तास, 9 ते 6. मग कौशल्यं. प्रत्येक माणसाला प्रत्येक कामात शंभरपैकी गुण द्यायचे. पैलवानला 'फिल्टर बदलणे' यात 70 दिले तर तो दिवसभर बोलला नाही. तात्यांचं खरं कौशल्य म्हणजे चिडलेल्या गिऱ्हाइकाला त्याच्याच घरचा चहा पाजून गार करणं. ते यादीत नव्हतं. तपासून बघायला भाच्यानं मलाही एक टेक्निशियन म्हणून घातलं आणि सगळ्या विषयांत शंभर दिले. "नंतर काढून टाकू," म्हणाला.

मग कामाला लागणारा वेळ. फिल्टर बदलणे, 30 मिनिटं. मी म्हटलं, ह्यात चहा धरलाय का? नव्हता धरला. शिवाय माणूस घरात आलाय म्हटल्यावर "जरा बेसिनचा नळ बघता का" आणि "एवढा माळ्यावरचा डबा काढून द्या, तुम्ही उंच आहात" हे असतंच. पैलवानचे डबे काढण्यात रोज तासभर जातो. भाच्यानं निमूटपणे 30 चे 50 केले आणि कारणाच्या रकान्यात 'डबा' लिहिलं.

सगळं भरून झालं. मोठ्या थाटात 'वेळा शोधा' दाबलं.

एकही वेळ उपलब्ध नाही.

पुन्हा दाबलं. उपलब्ध नाही. आणि समोर माझी तीन माणसं भडंग खात बसलेली! दोन तास भाचा स्क्रीनमध्ये डोकं घालून होता. शेवटी कळलं की तात्या कंपनीत होते, पण सांगलीत नव्हते. म्हणजे माणूस वेगळा नोंदवायचा, विभाग वेगळा नोंदवायचा आणि मग तो माणूस त्या विभागाचा सभासद आहे हे आणखी तिसरीकडं नोंदवायचं. तिन्हीतला एक टाका तुटला की सॉफ्टवेअरला माणूस दिसत नाही. तात्या म्हणाले, "माझा जन्म सांगलीच्या खणभागातला. आता ह्या वयात सभासद व्हायचं?"

झाले. दुसऱ्या दिवशी भाचा आंब्याची पेटी घेऊन पुण्याला गेला आणि सॉफ्टवेअर सुरू झालं.

त्याच रात्री 11:40 ला फोन वाजला. गावभागातल्या काकू, एएमसीचं म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराचं जुनं गिऱ्हाईक.

"झोपला होतात का?"

"छे छे काकू, जागाच आहे," मी उशीवरून म्हणालो.

"मग तुमचा माणूस कुठाय? साडेअकरा ते दीड लिहिलंय. मी ओटा आवरून बसलेय."

मी उठून बसलो. "काकू, दुपारचे असतील…"

"दुपारचे कसे? नातवानं मला मोठ्यांदा वाचून दाखवलं. रात्री साडेनऊपासनं पहाटेपर्यंतच्याच वेळा होत्या. मला वाटलं, उन्हाळ्याचं तुम्ही रात्रीचं सुरू केलंय. म्हटलं, बरं झालं. ह्यांना तशीही झोप नसते."

मी माफी मागायच्या तयारीत होतो, तेवढ्यात दुसरा फोन आला. पैलवान.

"मालक, काकूंच्या बोळाच्या तोंडाला आलोय. कुत्री हायत. पाच."

"अरे, तू तिथं काय करतोयस?"

"मोबाईलवर काम पडलंय की. साडेअकराचं."

त्याला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. वहीच्या काळात मी "उद्या सकाळी लवकर जा" म्हटलं तर हा माणूस शंभर प्रश्न विचारायचा. मोबाईलनं मध्यरात्री पाठवलं तर पिशवी उचलून निघाला. काकूंनी गॅलरीतून कुत्र्यांना नावानं हाका मारून गप्प केलं, पैलवाननं रात्री साडेबाराला फिल्टर बदलला, पाण्यातले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजून दाखवला आणि थालीपीठ खाऊन आला. काकू आजही सगळ्यांना सांगतात, सर्व्हिस असावी तर अशी.

सकाळी भाच्याला फोन केला. त्यानं शोधून काढलं ते असं: आमची सगळी घड्याळं त्यानं भारतावर लावली होती, पण 'कामाचे तास' या गोष्टीला तिचं स्वतःचं वेगळं घड्याळ असतं. ते लॉस एंजेलिसवर राहिलं. उन्हाळ्यात तिथं आणि इथं साडेबारा तासांचा फरक. तिथं सकाळचे 9 वाजतात तेव्हा आमच्याकडं रात्रीचे साडेनऊ, आणि तिथं 6 ला दुकान बंद होतं तेव्हा आमच्याकडं पहाटेचे साडेसहा. म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या परीनं बरोबर होतं. माझं दुकानच अमेरिकेत होतं. बायको म्हणाली, "पासपोर्ट काढून नऊ वर्षं झाली, शेवटी गेलात एकदाचे."

घड्याळ दुरुस्त केलं. एक गिऱ्हाईक मात्र नाराज झालं. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यानं पहाटे साडेतीन ते साडेपाचची वेळ घेतली होती. त्याला तीच सोयीची होती.

मग सुरू झाला रस्त्यांचा घोळ. हे सॉफ्टवेअर दोन कामांमधलं अंतर बघून माणूस ठरवतं आणि आमच्या स्वस्तातल्या प्लॅनमध्ये ते अंतर सरळ रेषेत मोजलं जातं. सरळ रेषेत घाटावरचं घर आणि पलीकडची सांगलीवाडी म्हणजे चार मिनिटं. मध्ये कृष्णा आहे ही किरकोळ बाब. त्यासाठीच 1929 साली आयर्विन पूल बांधला, पण सरळ रेषेला पूल दिसत नाही. पैलवानचं पहिलं काम घाटावर 11:50 ला संपणार आणि दुसरं सांगलीवाडीत 11:54 ला सुरू. तो म्हणाला, "मालक, पोहता येतंय मला. पण मशीन डोक्यावर घेऊन न्हाई जमायचं. होडी द्या."

विजयनगरची गोष्ट तर त्याच्या उलट. कलेक्टर ऑफिसकडच्या आमच्या विजयनगरात एकाचं काम होतं. पत्त्यात त्यानं नुसतं विजयनगर लिहिलं. सॉफ्टवेअरनं ते बंगळुरूचं धरलं आणि बारक्याच्या दिवसात प्रवासाचे अकरा तास टाकून उरलेली सगळी कामं रद्द केली. बारक्या खुशीत होता. त्यानं विचारलं, मुक्कामाचा भत्ता किती?

आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पत्त्याशेजारी अक्षांश-रेखांश हातानं भरतो. एका बाजूला 'शंभर फुटी, टाकीच्या मागं, पेरूचं झाड' आणि दुसऱ्या बाजूला दशांश चिन्हानंतर सहा आकडे. पोरं अजूनही पेरूवरच जातात.

रजेचं काय सांगू! सॉफ्टवेअरला माहीत असलेल्या रजा तीन: सुट्टी, आजारपण आणि प्रशिक्षण. भावकीतलं लग्न, बारावं, गावची जत्रा, कुस्त्यांचं मैदान यांतलं एकही नाही. त्यामुळं गेल्या महिन्यात पैलवान चार वेळा प्रशिक्षणाला गेला. त्यातलं एक प्रशिक्षण चटकदार झालं, चितपट कुस्ती बघायला मिळाली म्हणे. गणपतीत पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक असते, त्या दिवशी गावातून माणूस पाठवणं म्हणजे त्याला दर्शनालाच पाठवणं. तो दिवस मी आत्ताच बंद करून ठेवलाय. कारण: आजारपण. सगळ्यांचं.

पण हे सगळं परवडलं. खरा ताप गिऱ्हाइकाला जाणाऱ्या एका ओळीचा. 'आमचा प्रतिनिधी 10 ते 12 या वेळेत येईल.'

दहाला पाच कमी असताना पहिला फोन. "दहा ते बारा म्हणजे दहाला का बाराला?"

"काकी, मधे कधीही."

"मधे कधीही म्हणजे मी आंघोळीला जाऊ का नको?"

याचं उत्तर सॉफ्टवेअरात नाही. दहा ते बारा ही गिऱ्हाइकाला सांगायची वेळ, आतली खरी वेळ वेगळीच, समजा 10:50. ती गिऱ्हाइकाला सांगायची नसते, कारण ती बदलते. मी हे एका निवृत्त मास्तरांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत आहे, पण सांगणार नाही." आणि फोन ठेवला. पूर्वी मी "दुपारी" म्हणायचो तेव्हा मला माहीत नसायचं, आणि कुणी रागवायचं नाही. आता मला माहीत असतं आणि सगळे रागावतात. दिवसाला आधी वीस फोन यायचे, आता चाळीस येतात. वीस लिंक उघडत नाही म्हणून, वीस उघडली म्हणून.

माळ्यावरून वही खाली आलीय. सॉफ्टवेअरमध्ये काय आहे ते मी तिच्यात उतरवून ठेवतो.

परवा घरचंच आरओ गळायला लागलं. बायकोनं आठवडाभर मला सांगितलं, मी म्हटलं, बघतो. शेवटी तिनं माझ्याशी बोलणं बंद करून लिंक उघडली. गुरुवार, 10 ते 12. मला पत्ता नाही. गुरुवारी सकाळी मी पेपर वाचत होतो, तेवढ्यात मोबाईल वाजला. सर्वांत जवळचा, सर्वांत रिकामा आणि सगळ्या विषयांत शंभरपैकी शंभर असलेला माणूस सॉफ्टवेअरनं शोधून काढला होता. भाचा मला काढून टाकायला विसरला होता.

मी 'काम स्वीकारले' दाबलं. आत स्वयंपाकघरात तिचा मोबाईल वाजला, 'आमचा प्रतिनिधी निघाला आहे.'

"कुठपर्यंत आलाय?" तिनं आतून विचारलं.

"आलोच की," मी म्हणालो आणि पेपरचं पान उलटलं.