घरपट्टी भरायची आम्ही, ठरवायची त्यांनी

आज पालिकेत घरपट्टी भरायला गेले. रक्कम वाढलेली. कुणी वाढवली, कधी वाढवली, एवढंच विचारलं, तर खिडकीपलीकडचा मुलगा म्हणाला, "ठराव झालाय मॅडम." ठराव बघायला मिळेल का? "साहेबांना विचारा." साहेब जागेवर नव्हते. यंदाचं अंदाजपत्रक तरी? मागे रांग वाढत होती, सगळे माझ्याकडे बघत होते. पैसे भरले आणि निघाले. त्या मुलावर माझा राग नाही, तो बिचारा नोकरी करतो. पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं आणि अजून निवलेलं नाही.

कारण मला माझी काकी आठवत होती. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका लहान गावात राहते, शाळा चौथीपर्यंत. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले असताना रविवारी ग्रामसभा होती. सचिव अंदाजपत्रक भराभर वाचत होता. काकी उठून उभी राहिली. व्हाळावरच्या साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाची, रक्कम गेल्या वर्षीही वाचली होती, मग साकव कुठं आहे? सरपंच म्हणाला, नंतर बघू. काकी म्हणाली, "पयलीं कागद दाखय, मागीर ठराव घे." वही उघडावी लागली. साकव काही लगेच झाला नाही, हे खरं. पण पुढच्या ग्रामसभेत सरपंचानं आपणहून पहिला विषय साकवाचाच काढला, असं तिनं मला फोनवर सांगितलं. तिच्या आवाजातला तो ताठा मला फार आवडला होता.

आता सांगा, काकीला जो हक्क आहे तो मला का नाही? गोव्याच्या १९९४ च्या पंचायत राज कायद्यानं गावाचं अंदाजपत्रक आणि हिशेब ग्रामसभेपुढे आणले. शहरांसाठी ७४ वी घटनादुरुस्ती आली, पण तिच्यात प्रभाग समित्यांची सक्ती ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. आणि आमच्याकडे? २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या एकाही पालिकेची लोकसंख्या १ लाखसुद्धा नव्हती. म्हणजे गाव म्हणून आम्ही मोठे, शहर म्हणून लहान. मडगाव, म्हापसा, वास्को, पणजी, कुणालाच ती सक्ती लागू नाही. खरं तर लहान शहरात माणसं एकत्र बसवणं किती सोपं! प्रभागातली निम्मी घरं एकमेकांना नावानं ओळखतात.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावकरी पद्धतीत गावच्या मूळ घराण्यांतले गावकार एकत्र बसून शेतं पावणीला, म्हणजे लिलावाला, काढत, त्या पैशातून बांध आणि देऊळ सांभाळत, उरलेलं वाटून घेत. त्या बैठकीत बायकांना आणि गावकार नसलेल्यांना जागा नव्हती, हे मान्य. ते तसंच परत आणा असं मी म्हणत नाही. पण पैसा सगळ्यांसमोर मोजायचा, ही रीत इथलीच आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं हे लोकांना विचारलं गेलं. कौल आपल्या घरांतल्या कित्येकांच्या मनासारखा लागला नाही, तरी विचारलं होतं ना? गोव्याचं भवितव्य लोकांनी ठरवायचं, आणि आमच्या गटाराचं ठरवताना आम्ही नको?

"लोकांना अंदाजपत्रक कळत नाही," हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो. चौथी शिकलेल्या काकीला दोन वर्षांच्या दोन रकमा कळल्या. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकाआधी नागरिकांकडून कामं मागवते. सुचवलेली सगळी होत नाहीत, पैसाही थोडाच असतो. असू दे. निदान विचारतात तरी. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रीत १९८९ पासून वस्त्यावस्त्यांतली माणसं जमून आधी नळ की आधी रस्ता हे ठरवू लागली. ती काय सगळी अर्थशास्त्र शिकून आली होती?

ग्रामसभेत भांडणं होतात, हो. कधी आवाज इतका चढतो की सभा आटोपती घ्यावी लागते. तरी मला ते भांडण चालेल, आजचं ते गप्प बसून पैसे भरणं नाही चालणार.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. घरपट्टी वाढवूच नका असं माझं म्हणणं नाही. कचरा उचलणाऱ्यांना वेळेवर पगार मिळायला हवा, दिवे लागायला हवेत, त्याला पैसा लागतो. मला समोर बसवून सांगा, पैसा कमी पडतोय, एवढा वाढवतोय, त्यातून हे करणार. मी भरीन. आमच्या गल्लीतली पेन्शनवर जगणारी आजीसुद्धा भरेल. पण आधी विचारा.

अंदाजपत्रक मार्चच्या आत मंजूर होतं. त्याआधी जानेवारीत प्रत्येक प्रभागात सभा घ्या, कर वाढवायचा असेल तर त्याच सभेत मांडा, आणि गेल्या वर्षी काय ठरलं, काय झालं याचा कागद मराठी-कोंकणीत दारावर लावा, असा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहायला घेतलाय. रविवारी संध्याकाळी आमच्या अंगणात सह्या घेणार आहे. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांनी फक्त निरोप द्या, कागद घेऊन मी वर येते.