चाचणी करा म्हणता, मग गुपित राखायची हमी कोण देणार?

दर १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, जिल्ह्याच्या ठिकाणी एचआयव्हीच्या जागृतीची रॅली निघते. कॉलेजची पोरं-पोरी छातीवर लाल फीत लावून येतात, साहेब लोक झेंडा दाखवतात, शपथ घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून येतो. त्या पोरांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. माझं म्हणणं तारखेबद्दल आहे. १ डिसेंबरला आमच्या बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातले तांडे आणि वस्त्या ओस असतात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून माणसं उसाला गेलेली असतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, ती परत येत नाहीत. मागं राहतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. जागृती करायचीच असेल तर ती २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत करा, तेव्हा माणसं गावात असतात, मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन निघायच्या तयारीत असतात. इतकी साधी गोष्ट आमच्या भागात कुणी का ठरवत नाही?

आधी एक स्पष्ट करतो, नाहीतर या पोस्टचा भलताच अर्थ काढला जाईल. ऊसतोड कामगार म्हणजे एचआयव्ही, असं मी अजिबात म्हणत नाही. तसं म्हणणं हा त्यांच्या माथ्यावर आणखी एक डाग लावणं आहे. पोटासाठी सहा-सहा महिने घर सोडावं लागतं, फडाशेजारी कोपीत राहावं लागतं, दवाखाना लांब, रोजचा खाडा परवडत नाही. आरोग्याची कुठलीही सेवा अशा माणसापर्यंत उशिरा पोचते आणि एचआयव्हीची सगळ्यात उशिरा. पुण्याच्या बांधकामावर गेलेल्या लातूर-नांदेडच्या पोरांचं, ट्रक चालवणाऱ्यांचं तेच. धोका त्यांच्या जातीत किंवा स्वभावात नाही. तो त्यांच्या जगण्याच्या पद्धतीत आहे आणि ती पद्धत त्यांनी हौसेनं निवडलेली नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला. त्या काळातली भिंतीवरची चित्रं माझ्या पिढीला आठवत असतील: कवटी, हाडं आणि मरणाची धमकी. औषध नव्हतं, म्हणून भीती दाखवली. १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला आवरणारी रोजची औषधं सुरू झाली, तीसुद्धा देशभरातल्या आठच सरकारी दवाखान्यांत. आपल्या महाराष्ट्रात तेव्हा मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. मराठवाड्यातल्या माणसानं गोळ्यांसाठी मुंबई गाठायची, ही त्या वेळची गत. आज जिल्ह्या-जिल्ह्यात एआरटी केंद्रं आहेत, चाचणी मोफत आहे, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी अमुक आकड्याखाली गेल्याशिवाय औषध मिळत नसे. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू करतात. गरोदर बाईला वेळेत औषध मिळालं तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार थोडी उरते. २०१० च्या तुलनेत देशातल्या नव्या लागणी ४४ टक्क्यांनी घटल्या आहेत, हे २०२३ चे सरकारी अंदाज सांगतात. पंचवीस लाखांच्या आसपास माणसं देशात एचआयव्हीसह जगतात, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त, चार लाखांच्या घरात, आपल्या महाराष्ट्रात आहेत.

म्हणजे औषध आलं, चाचणी आली, कायदासुद्धा आला. तरी माणसं चाचणीला का येत नाहीत? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. गावातली माणसं माझ्याशी जे बोलतात त्यावरून सांगतो. रोगाला माणसं आता पूर्वीइतकी घाबरत नाहीत. गावात कळेल याला घाबरतात. आणि ती भीती खरी आहे, तिला अडाणीपणा म्हणू नका. गावात कळलं की पोरीचं लग्न मोडतं. किराणा दुकानदार सुट्टे पैसे हातात द्यायचे बंद करतो. भाऊ वाटणी मागतो. बाई असेल तर तिला माहेरी धाडतात आणि माहेरचे तिला मागच्या खोलीत ठेवतात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई आहे. नवरा वारला, त्यानंतर तिची तपासणी झाली. आता तिची तब्येत उत्तम आहे, रोजानं कामाला जाते. पण गोळ्या ती जवळच्या केंद्रातून घेत नाही, दुसऱ्या जिल्ह्यात जाते. मी विचारलं, वहिनी, एवढी दगदग कशाला? तर म्हणाली, "गुरुजी, त्या खोलीपुढच्या बाकड्यावर बसलं की झालं. आपल्या गावचं एक तरी माणूस दवाखान्यात असतंच." एक अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते, वर भाडं. तिनं एसटीच्या सवलतीचा पास का काढला नाही, हेही मी विचारलं होतं. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, फार चांगली योजना आहे. पण पास दाखवायचा म्हणजे भरल्या गाडीत कंडक्टरला सांगायचं की आपल्याला काय आहे. शेजारच्या सीटवरचं माणूस ऐकतंय. ती तिकीट काढते.

संजय गांधी निराधार योजनेचं तसंच. एचआयव्हीबाधितांना त्यातून महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत दाखवावं लागतं, तलाठ्याकडं जावं लागतं, तहसीलला कागद द्यावे लागतात. इतक्या टेबलांवरून फिरलेला कागद गुपित राहील का? ज्यानं कुणी या योजना आखल्या त्याचा हेतू चांगलाच होता. पण लाभ घ्यायचा असेल तर आधी स्वतःला जाहीर करा, अशी त्यांची रचना झाली आहे, आणि जाहीर होण्याची किंमत दीड हजारापेक्षा कितीतरी मोठी आहे. कार्डावर फक्त एक क्रमांक ठेवा. कंडक्टरला आजाराचं नाव कळायची गरजच काय? अनेक आजारांना मिळून एकच सवलत कार्ड दिलं, तर कुणाला काय आहे हे कुणालाच समजणार नाही. याला फार पैसा लागत नाही.

आता बायकांबद्दल. हे मला सगळ्यात जास्त सलतं. गरोदरपणात प्रत्येक बाईची एचआयव्ही तपासणी होते. ती व्हायलाच हवी, बाळ त्यानं वाचतं. पण त्यामुळं कित्येक घरांत पहिली तपासणी बाईची होते आणि पहिला अहवालही तिचाच हाती येतो. मग घरातलं सगळं बोट तिच्याकडं जातं: हिनंच आणलं. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते, आणि तो ती करायला तयारही होत नाही. तो उसाला जातो, ट्रकवर जातो, पुण्याला जातो, त्याला कुणी विचारत नाही. आशाताई बाईला घेऊन जातात, समुपदेशक बाईला समजावतात, सासू बाईला बोल लावते. गरोदर बाईबरोबर तिच्या नवऱ्यालाही त्याच दिवशी, त्याच तारखेला तपासायला बोलवा. तशा सूचना कागदावर आहेत, मला ठाऊक आहे. प्रत्यक्षात किती नवरे येतात ते आरोग्य केंद्रात जाऊन बसा आणि बघा. नवऱ्यानं तपासणी टाळली याची जबाबदारी कुणीतरी उचलायला हवी, आणि ती नऊ महिन्यांच्या गरोदर बाईवर टाकता येणार नाही.

डॉक्टर मंडळींबद्दल बोलणं अवघड आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्य या कामात घातलंय. तरी सांगतो. आमच्याच भागातल्या एका खासगी दवाखान्यात बाळंतपणाला आणलेल्या बाईला अहवाल बघून रातोरात पुढं पाठवून दिलं. कारण लेखी दिलं नाही, "आमच्याकडं सोय नाही" एवढंच तोंडी. सोय कसली लागते? हातमोजे, निर्जंतुक साहित्य आणि काळजी. ही काळजी प्रत्येक पेशंटच्या बाबतीत घ्यायची असते, कारण अहवाल न आलेल्या पेशंटलाही लागण असू शकते. सुई टोचलीच, तर बहात्तर तासांच्या आत सुरू करायचं प्रतिबंधक औषध आहे. डॉक्टरला हे माहीत असतं. मग बाईला अपरात्री रस्त्यावर का काढायचं?

कायदा काय म्हणतो ते इथं लिहून ठेवतो, कारण तो गावाला कुणी वाचून दाखवलेला नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही. कुणाची स्थिती त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर, यातलं काहीही या कारणानं नाकारता येत नाही. बाधितांबद्दल द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. आणि राहत्या घरातून, म्हणजे सासरच्या घरातूनसुद्धा, बाईला या कारणानं हाकलता येत नाही. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा आहे. या कायद्याखालच्या तक्रारींसाठी राज्यानं लोकपाल नेमायचा आहे. त्यानं ३० दिवसांत निर्णय द्यायचा, आणि तातडीचा उपचार अडला असेल तर शक्यतो २४ तासांत. हे सगळं छापील आहे. पण त्या लोकपालांकडं तक्रार कशी करायची, दवाखान्यात तक्रार अधिकारी कोण, हे मी आमच्या भागातल्या एकाही दवाखान्याच्या भिंतीवर वाचलेलं नाही. कवटी काढायला भिंत सापडली होती. तक्रार अधिकाऱ्याचं नाव लिहायलाही ती सापडू शकते.

भिंतीवर आणखी एक गोष्ट लिहायला हवी. नियमित गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, आणि तसाच राहिला, तर त्याच्यापासून लैंगिक संबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. जगभरचं संशोधन यावर एकमत आहे. आमच्या गावात ही गोष्ट शिकलेल्या माणसांनाही सांगितली की ती आधी अविश्वासानं बघतात. तीस वर्षांपूर्वीची भीती अजून डोक्यात आहे आणि ती काढायला नवी माहिती त्याच जोरानं पोचवलेली नाही. माझ्या मते कलंक घालवायला हे एक वाक्य शंभर शपथांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

मास्तर म्हणून शाळेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका गावात एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना शाळेत घेतलं म्हणून पालकांनी आपली मुलं काढून घेतली होती. आज इतक्या उघडपणे तसं कुणी करणार नाही. पण बीडजवळच्या पालीला इन्फंट इंडियासारख्या संस्थेत अशी लेकरं वाढतात. अशी संस्था लागते याचा अर्थ नातेवाइकांची दारं बंद आहेत. सर्व शिक्षकांना आमच्या प्रशिक्षणात हा विषय एकदा तरी नीट शिकवा. गोपनीयता कशी पाळायची ते शिकवा, कारण लेकराची गोष्ट स्टाफरूममधून गावात जायला एक चहा पुरतो.

ऊसतोड कामगारांच्या आरोग्याचा विषय २०१९ मध्ये ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या प्रकरणानंतर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, कामगारांच्या आरोग्य तपासणीची चर्चा सुरू झाली. त्या तपासणीत एचआयव्ही चाचणी ज्याला हवी त्याला मिळावी असं मला वाटतं, पण एका कडक अटीवर: अहवाल फक्त त्या माणसाच्या हातात. मुकादमाला नाही, कारखान्याला नाही, सरपंचालाही नाही. मुकादमाला कळलं तर पुढच्या वर्षी त्या जोडप्याला उचल मिळणार नाही आणि त्याच्या घरची चूल विझेल. आणि ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना जायच्या आधी पूर्ण हंगामाचा साठा, निदान तीन महिन्यांचा तरी, देऊन पाठवा. उरलेल्या दिवसांसाठी फडाजवळच्या केंद्राचं नाव लिहून द्या. एक-दोन महिने गोळ्या सुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो, मग पहिलं औषध चालेलच याची खात्री नसते.

हे सगळं कोण करणार? समुपदेशक आणि प्रयोगशाळेतली माणसं. ती कंत्राटी आहेत, वर्षानुवर्षं. पंधरा-पंधरा वर्षं लोकांची गुपितं पोटात ठेवून काम करणाऱ्या बाईला नोकरी पुढच्या वर्षी राहील का हे माहीत नसतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, २०२१ ते २०२६ या काळासाठी, केंद्रानं १५,४७१ कोटींवर रक्कम मंजूर केली होती. या माणसांना स्थिर करण्यात त्यातला वाटा पडायला हवा, कारण पेशंट केंद्रावर नाही, त्या ताईवर विश्वास ठेवून येतो. ताई बदलली की काही पेशंट येणं बंद करतात.

ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः गोळ्या घेत असेल, तर तुम्हाला माझी एकच विनंती. १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव न सांगता बोलता येतं. दवाखान्यानं उपचार नाकारला तर नकार लेखी मागा, देणार नाहीत तर तारीख, वेळ आणि कुणी नाकारलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, बरोबरच्या माणसाचं नावही लिहा. सासरच्यांनी घराबाहेर काढलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. अर्ज लिहायला कुणी नसेल तर मला मेसेज करा, मी लिहून देतो, आणि तुमचं नाव माझ्याकडून बाहेर जाणार नाही.