गुंठ्याला 29 रुपये: चर्चच्या जमिनीच्या फॉरवर्डचा हिशोब

परवा रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पडला, आणि पाठवणारे कोण तर माझे सख्खे मामा. बी विंगला राहतात, बँकेतून रिटायर झालेत, आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर लाल पेनाने खुणा केल्या. मेसेजचा सारांश असा: भारतात कॅथलिक चर्चकडे 7 कोटी हेक्टर जमीन आहे, म्हणजे 17.29 कोटी एकर, सरकारच्या खालोखाल सगळ्यात जास्त, किंमत 20 हजार कोटी, ब्रिटिशांनी 1927 च्या कायद्याने फुकट दिली, टॅक्स शून्य, ऑडिट शून्य, सगळा पैसा व्हॅटिकनला, आणि सरकार दानपेटी उचलतं ती फक्त मंदिरांची. खाली 'जागे व्हा' आणि डझनभर इमोजी.

एरवी मी असले मेसेज न वाचता पुढे जातो. पण त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, 'मग मावशी, तुमच्या वाट्याला किती हेक्टर आले?' आणि वर हसण्याच्या तीन इमोजी. मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या, वसईच्याच, कॅथलिक. सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची वही गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे असते, कारण पाच रुपयाचा हिशोब चुकला तरी त्या परत जिना चढून विचारायला येतात. मावशींनी काही उत्तर दिलं नाही, पाच मिनिटांनी ग्रुपवर 'लेफ्ट' दिसलं. आता यावर्षी ती वही काकांनीच सांभाळावी, बघतो किती जमतं.

मी एका सीएच्या ऑफिसात ट्रस्टची ऑडिटं करतो, देवस्थानं, शाळा, दोन-तीन धर्मग्रामं (म्हणजे एकेका चर्चचे पॅरिश), सगळ्यांच्या फायली एकाच कपाटात एकाच रांगेत. त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे, मामा, चष्मा घेऊन बसा.

पहिला आकडा, 7 कोटी हेक्टर. म्हणजे 7 लाख चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र 3 लाख 7 हजार आणि काही. राजस्थान, देशातलं सगळ्यात मोठं राज्य, 3 लाख 42 हजार. दोन्ही पूर्ण घ्या, गडचिरोलीच्या जंगलापासून जैसलमेरच्या वाळूपर्यंत एक इंच न सोडता, तरी 7 लाख होत नाहीत. मग हरियाणा टाका, 44 हजार. तरी होत नाहीत. मग गोवा टाका, 3,702. तरीही दोनेक हजार कमीच पडतात! देशातलं सगळं जंगल मोजून वन खात्याचा जो अहवाल येतो त्यात ते साधारण 7 लाख 15 हजार चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे या मेसेजप्रमाणे देशात जेवढं जंगल तेवढं चर्च. देशाच्या एकूण जमिनीतला पाचवा हिस्सा. आपण वसईहून पुण्याला गाडीने जातो तेव्हा दर पाच किलोमीटरमागे एक किलोमीटर चर्चच्या आवारातून जातोय का? मला तरी आजवर घाटात वेफर्सची दुकानंच दिसली.

आणि 'सरकारच्या खालोखाल' म्हणे. संरक्षण खात्याकडे, म्हणजे सगळी कँटोन्मेंट, फायरिंग रेंज, विमानतळ धरून, साधारण 17-18 लाख एकर जमीन आहे. रेल्वेकडे पाच लाख हेक्टरच्या आत. मेसेजमधला आकडा संरक्षण खात्याच्या जवळजवळ शंभर पट निघतो. मग सरकारच्या खालोखाल कसं, सरकारच्या डोक्यावर म्हणा ना.

आता खरी गंमत. जमीन 17.29 कोटी एकर आणि किंमत 20 हजार कोटी. मामा, तुम्ही बँकवाले, करा भागाकार. एकराला 1,157 रुपये. एकरात 40 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 29 रुपये. एकोणतीस! आमच्या नाक्यावर दोन वडापाव येत नाहीत त्यात. तुम्ही स्वतः मागच्या वर्षी पालघरकडे प्लॉट बघायला तीन रविवार फिरलात आणि प्रत्येक वेळी भाव ऐकून तोंड पाडून परत आलात, आणि हा मेसेज पुढे ढकलताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही की एकाच ओळीतले हे दोन आकडे एकमेकांच्या गळ्याला लागलेत? मेसेज लिहिणाऱ्याने भागाकार केला नाही हे समजू शकतो, त्याचं काम वेगळं आहे. पण 32 वर्षं कॅश टॅली केलेल्या माणसाने?

जाता जाता, याच हिशोबाने देशातले कॅथलिक साधारण दोन कोटी धरले तर माणशी साडेतीन हेक्टर येतात, तान्ह्या बाळासकट. मावशींच्या घरात चार माणसं. म्हणजे त्यांची 14 हेक्टर, 35 एकर. त्या 35 एकरवाल्या मावशी वन बीएचकेत राहतात आणि गॅलरीत कुंडीत कढीपत्ता लावतात.

हा आकडा आला कुठून तेही सांगतो. एप्रिल 2025 मध्ये, वक्फ विधेयक संसदेत पास झालं त्याच आठवड्यात, संघाच्या विचारांच्या 'ऑर्गनायझर' साप्ताहिकाच्या वेबसाइटवर एक लेख आला होता, त्यात हेच आकडे होते. त्यावरून राजकीय गदारोळ झाला आणि लेख साइटवरून काढला गेला. ज्यांनी छापला त्यांनी काढला, पण आपल्या ग्रुपवर तो अजून जिवंत आहे.

दुसरा मुद्दा, 1927 चा कायदा. हा वाचून मला हसावं की रडावं कळेना. इंडियन चर्च ॲक्ट 1927 नावाचा कायदा होता हे खरंय. पण तो ब्रिटिश पार्लमेंटने केला तो इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चपासून भारतातलं अँग्लिकन चर्च कायद्याने वेगळं करायला, आणि 1930 पासून ते वेगळं झालं. कॅथलिकांचा त्यात संबंध नाही. इंग्लंडच्या राजाने रोमशी भांडून स्वतःचं चर्च काढलं होतं, तो रोमच्या चर्चला जमीन कशाला वाटत बसेल? म्हणजे शेजारच्या घराचं खरेदीखत दाखवून तुमच्या घरावर दावा लावण्यातला प्रकार आहे हा.

आपल्याकडे वसई-गोव्याला कॅथलिक चर्चला जमिनी मिळाल्या त्या पोर्तुगीजांच्या काळात, हे मात्र खरं आणि ते कोणी लपवतही नाही. पण मिळाल्या त्या टिकल्या का? 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आज किल्ल्यात जी मोठमोठी चर्चेस पडकी उभी आहेत ती पुरातत्त्व खात्याकडे आहेत, रविवारी तिथे प्री-वेडिंग शूटवाल्यांची गर्दी असते. आणि गोव्यात तर खुद्द पोर्तुगीज सरकारनेच 1835 मध्ये मठवासी संघ बरखास्त करून त्यांच्या मालमत्ता जप्त केल्या. हे कोणत्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

शिवाय 'कॅथलिक चर्च' असा एकच सातबारा कुठेच नाही. त्यांच्या स्वतःच्या कॅनन कायद्यात, कलम 1256 ला, सरळ लिहिलंय की मालमत्ता ज्या संस्थेने मिळवली तिच्या मालकीची. एक धर्मग्राम वेगळं, बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत वेगळा, सिस्टरांचा संघ वेगळा, प्रत्येकाचा ट्रस्ट किंवा सोसायटी वेगळी, पॅन नंबर वेगळा. देशातल्या सगळ्या गणपती मंदिरांची जमीन एकत्र करून 'गणपतीकडे इतके हेक्टर' म्हणण्यासारखं आहे.

आता टॅक्स आणि ऑडिट. हे माझं रोजचं काम आहे त्यामुळे इथे डोकं जास्त फिरतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, 1950 चा. त्यात ट्रस्टच्या व्याख्येत मंदिर आहे, मठ आहे, चर्च आहे, सिनेगॉग आहे, अग्यारी आहे. शब्द लिहिलेले आहेत, माझं मत नाही. प्रत्येकाने धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यायचा, शेड्यूल 8 मध्ये ताळेबंद, 9 मध्ये जमाखर्च, ऑडिटरच्या सहीने. कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही, मग विश्वस्त पुजारी असोत की फादर. इन्कम टॅक्सची सूट? जी मंदिराला तीच चर्चला, त्याच अटी, ऑडिटचे फॉर्मही तेच. जीएसटीबद्दल हेच पिल्लू 2017 ला सुटलं होतं, मंदिरांना टॅक्स आणि चर्च-मशिदींना माफी, तेव्हा जीएसटी लागू झाल्यावर दोनच दिवसांनी अर्थमंत्रालयाला सांगावं लागलं की हे साफ खोटं आहे, कायद्यात धर्माप्रमाणे फरक नाही.

एका धर्मग्रामाच्या ऑडिटला मी दरवर्षी जातो. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा, आणि भिंतीवर ख्रिस्ताच्या फोटोशेजारी एका पतपेढीचं कॅलेंडर. रविवारच्या मिस्सा प्रार्थनेनंतर दानाची थाळी मोजायला चार माणसं बसतात, मोजणीच्या कागदावर चौघांच्या सह्या, नोटा वेगळ्या, नाणी प्लास्टिकच्या डब्यात, सोमवारी बँकेत. एकदा स्लिपमध्ये आणि रजिस्टरमध्ये 40 रुपयांचा फरक निघाला तर तिथल्या खजिनदाराने, निवृत्त शाळामास्तर, मला जेवू दिलं नाही तो सापडेपर्यंत. (सापडला. एक फाटकी वीस आणि दोन दहाच्या, बँकेने परत केलेल्या, पुस्तकात ठेवलेल्या.) सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणत नाही. पण 'ऑडिट शून्य' म्हणणाऱ्याने एकदा माझ्याबरोबर यावं, खोकी उचलायला माणूस लागतोच.

व्हॅटिकनचं पटकन उरकतो. जूनअखेरीस पोपसाठी जगभर एक वर्गणी गोळा होते, ती जाते. बाकी परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा आहे, आणि 2020 पासून तो पैसा दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यावा लागतो, म्हणजे घरात शिरणारा प्रत्येक डॉलर गृहखात्याच्या दारावरून जातो. 2021 च्या नाताळात मदर तेरेसांच्या संस्थेचं लायसन्स त्यांनी अडवलं होतं, दोन आठवड्यांत परत दिलं. आणि पारदर्शकताच हवी ना? मग 2022 च्या जुलैत संस्थांनी परदेशी देणग्यांचे तिमाही आकडे वेबसाइटवर टाकायचा नियम खुद्द गृहखात्यानेच काढून टाकला, त्यावर पण एक फॉरवर्ड होऊन जाऊ द्या.

बरं, आता जे खरं आहे ते. नाइलाजाने, पण लिहितो, नाहीतर मामा म्हणतील हा एकाच बाजूचं बोलतो.

सरकार विश्वस्त नेमतं ते जास्त करून मंदिरांवर, हे खरं आहे. पंढरपूरचा 1973 चा कायदा, सिद्धिविनायकाचा 1980 चा, शिर्डीचा 2004 चा. चर्चसाठी असा कायदा नाही. (नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी 1956 चा आहे, म्हणजे 'फक्त मंदिरं' हेही पुरतं खरं नाही.) ती तक्रार करायची तर जरूर करा, पण ती सरकारकडे करा, मावशींकडे काय करताय.

आणि चर्चवाले काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. केरळात एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांताच्या जमीन व्यवहारावरून खुद्द कार्डिनलवर, म्हणजे पोपखालच्या सगळ्यात वरच्या धर्मगुरूंपैकी एकावर, केस झाली, आरोप असा की कोचीतल्या मोक्याच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या. जबलपूरच्या प्रोटेस्टंट बिशपच्या घरी 2022 ला आर्थिक गुन्हे शाखेच्या छाप्यात दीड कोटीच्या वर रोकड मिळाली. केरळात चर्चच्या मालमत्तेसाठी कायदा करायचा मसुदा 2009 ला आला, परत 2019 ला आला, दोन्ही वेळा बिशपांनी असा विरोध केला की पुढे सरकलाच नाही. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या फादर-सिस्टरांच्या पगारावर टीडीएस नको म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले आणि नोव्हेंबर 2024 ला हरले. व्हॅटिकनमध्ये तर लंडनच्या एका इमारतीच्या सौद्यात इतके पैसे बुडाले की 2023 ला तिथल्याच कोर्टाने एका कार्डिनलला साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली.

पण एक बघा, केरळात बोंब कोणी मारली? त्यांच्याच फादरांनी आणि त्यांच्याच लोकांनी. थाळीत पैसे टाकणाऱ्यानेच विचारलं की माझ्या पैशाचं काय केलंत. कॅनन कायद्याच्या कलम 1287 प्रमाणे भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशोब भाविकांना द्यायचा असतो, आणि माझ्या बघण्यात सगळीच धर्मग्रामं तो नोटीस बोर्डावर लावत नाहीत. लावायला पाहिजे. हा प्रश्न विचारायचा खरा हक्क मावशींना आहे आणि त्या तो विचारतात, गेल्या फेस्तच्या (चर्चच्या सणाच्या) मंडपाच्या बिलावरून त्यांनी फादरांना पार कंपाउंडपर्यंत गाठलं होतं.

काल हे सगळं मामांना तोंडी सांगितलं तर म्हणाले, 'अरे पण आग असल्याशिवाय धूर निघतो का.' आगीचं मला माहीत नाही मामा, पण गावच्या आपल्या देवस्थानावर तुम्ही विश्वस्त आहात, तीन वर्षांचं ऑडिट राहिलंय, त्यातल्या पहिल्या वर्षाची व्हाउचरं एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत माझ्या टेबलाखाली पडली आहेत आणि उरलेल्या दोन वर्षांची तुम्ही 'दिवाळीनंतर देतो' म्हणाला होतात. दिवाळी होऊन गेली.