नाव जुनं, गॅस्केट नवं

नाशिकमध्ये गाड्यांबद्दल चारचौघांत तोंड उघडणं म्हणजे विकतचं दुखणं. निम्म्या गावाची हयात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गेलेली, त्यामुळे मिसळीच्या टेबलावर एक जण व्हेंडर असतो आणि दुसरा क्वालिटीवाला. त्यात एमजी या मूळच्या इंग्रजी गाड्यांचा विषय निघाला की माझा रस्सा गार होणार हे ठरलेलं. एक पार्टी म्हणते, "शंभर वर्षांचं नाव आहे राव!" दुसरी म्हणते, "चायनीज माल आहे." मग दोघंही निवाड्यासाठी माझ्याकडे बघतात.

नाव जुनं आहे, वादच नाही. एमजीबी ही त्यांची टू-सीटर १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर बनली. पण १९७४ मध्ये अमेरिकेच्या नियमांपायी तिला काळे रबरी बंपर लावले, गाडी थोडी उचलली आणि वळणावर ती झुलायला लागली. १९८० ला ॲबिंग्डनचा कारखाना बंद. दोन वर्षांत एमजीचा अष्टकोनी बिल्ला मेट्रो नावाच्या घरगुती हॅचबॅकवर! आजोबांचं नाव नातवाला आपणही ठेवतो, पण तेवढ्यावर नातू आखाडा मारत नाही.

१९९५ ला मात्र खरीखुरी स्पोर्ट्स कार आली, एमजीएफ. इंजिन सीटच्या मागे, १.८ लिटरचं के-सिरीज. हलकं, चपळ, आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं डोकं (हेड) आणि धड (ब्लॉक) यांच्यामधली पातळ सील, उडवण्यात पटाईत. हेड, ब्लॉक आणि क्रँकखालची बेअरिंगांची चौकट (बेअरिंग लॅडर), सगळं दहा लांबलचक बोल्टांनी एकत्र आवळलेलं. हेड जागेवर राहावं म्हणून डॉवेल, म्हणजे छोट्या खुंट्या, असतात, ते सुरुवातीला प्लास्टिकचे होते. हे ऐकून क्वालिटीवाला हातातला पाव खाली ठेवतो. गरम-थंड होताना हेड किंचित सरकतं आणि गॅस्केटवरची रबरी कड सुटते.

वर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरच्या पाण्याला वाट देणारी झडप, बसवला पाणी इंजिनात शिरतं त्या तोंडाशी. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधले लांब पाइप गाडीच्या पोटाखाली. निफाडच्या जानेवारीत अशी गाडी पहाटे काढली, तर तापलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताच गारढोण पाण्याचा लोंढा शिरेल. मुळात इंजिनात पाणी थोडकं. इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट पाझरलं किंवा खालचा पाइप गंजला की तेही जातं. काटा मात्र निवांत मध्यावर, कारण सेन्सरभोवती पाणीच उरत नाही. ऑइल-पाणी एक झाल्यावरच मालकाला कळतं.

"मग नवं गॅस्केट टाकायचं, हाय काय अन् नाय काय!" इति व्हेंडर. इथेच घात होतो. हेड उचलल्यावर लायनर, म्हणजे ज्यात पिस्टन फिरतात त्या नळ्या, क्लॅम्प न करता क्रँक फिरवली, तर लायनर जागचे हलतात. ते ब्लॉकच्या वर जराशी मान काढून, सगळे सारखे उभे हवेत. स्ट्रेटएज (सरळ पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून बघायचं. एखादा खाली बसला असेल तर कितीही भारी गॅस्केट टाका, पुन्हा उडणार. हेड फार तापलं असेल तर नुसतं फेस मारून (घासून सपाट करून) भागत नाही. ॲल्युमिनियम मऊ पडलंय का, तेही तपासायचं. डॉवेल पोलादी. बोल्ट क्रमाने २० न्यूटन-मीटर, मग अर्धा फेरा, मग पुन्हा अर्धा फेरा. तो दुसरा अर्धा फेरा मारताना भलेभले देवाचं नाव घेतात. शेवटी पाइपांत अडकलेली हवा, म्हणजे एअर लॉक, काढायचा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. खरं तर पाण्याविना.

२००५ मध्ये कंपनी बुडाली, नाव चीनला गेलं. २००८ ला एमजीएफचीच पुढची आवृत्ती असलेल्या टीएफचं उत्पादन इंग्लंडमधल्या लाँगब्रिजला पुन्हा सुरू झालं, तेव्हा इंजिनात सुधारलेलं गॅस्केट होतं. म्हणजे साहेबाचं दुखणं चायनीज मालकांनी निस्तरलं. एवढं सांगितल्यावर पहिली पार्टी घाबरून विचारते, "हेक्टरमध्ये हेच इंजिन का?"

नाही हो! एमजीची ही हेक्टर आली २०१९ ला, गुजरातच्या हालोलहून. डिझेल इंजिन तर फियाटचं.

फियाट म्हणायला नको होतं. कोपऱ्यातले काका खुर्ची ओढून जवळ आलेत. "पद्मिनीचं सांगतो..."