खुलासा : ‘पडदे बसवा, वीजबिल निम्मे’ या मेसेजबद्दल

न्यूयॉर्क टाइम्सच्या मॅनहॅटनमधल्या ५२ मजली इमारतीत मोटरवर चालणारे पडदे आणि आपोआप मंद होणारे दिवे बसवले आणि वीजबिल निम्म्यावर आलं, आपल्या सोसायटीतही तसंच होईल, असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्या इमारतीतल्या टाइम्सच्या मजल्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात वार्षिक वीजवापरातली बचत २४ टक्के आहे. ‘निम्मे’ आलं ते ५१ टक्क्यांवरून, पण तो आकडा इमारत गरम ठेवायला लागणाऱ्या ऊर्जेतल्या बचतीचा आहे. मुंबई-ठाण्यात हीटर कोण लावतं? शिवाय तुलना जुन्या बिलाशी नाही, त्या वेळचे किमान नियम पाळणाऱ्या तशाच इमारतीशी आहे. आणि श्रेय एकट्या पडद्यांचं नाही : दिवे, पडदे आणि खोलीच्या फरशीखालून हवा सोडणारी वातानुकूलन यंत्रणा, तिन्हींचं मिळून आहे. काचेबाहेर चिनीमातीच्या नळ्यांची जाळीही आहे. हे महत्त्वाचं, कारण ऊन काचेतून आत आल्यावर आतला पडदा उष्णता पूर्ण थांबवू शकत नाही. बाहेरचा छज्जा-चटईचा आडोसा जास्त उपयोगी.

जिन्यात, पार्किंगमध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर जरूर लावूया, रात्रभर रिकाम्या जागी दिवे जळणं थांबेल. पण ‘निम्म्या बिला’च्या भरवशावर पडद्यांसाठी वर्गणी काढू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.